डाव्या कोपऱ्यातली चौकट

मी इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कॉलनीत कुणाच्या अंगात आलं तर "आधी पंखा लावा, पाणी द्या" म्हणणारा माणूस आहे मी. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

आम्ही आदिलाबादचे. आमची एकुलती एक मुलगी रेणू इंटर फर्स्ट इयरला, म्हणजे अकरावीला होती आणि कबड्डीत डाव्या कोपऱ्यात खेळायची. मॅचेस बहुतेक दिवस मावळल्यावर, फ्लडलाइटखाली. तिच्यापायीच मला रात्रीच्या खेळांचे फोटो काढायचा नाद लागला. उजेड कमी, पोरी एका जागी थांबत नाहीत, निम्मे फोटो वाया जायचे. म्हणून मी मोठी लेन्स घेतली आणि कॅमेऱ्यात रेणूचा चेहरा नोंदवून ठेवला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो – चेहरा नोंदवला की कॅमेरा गर्दीतही आधी त्यालाच शोधतो. डोळ्याला लावायच्या छोट्या स्क्रीनवर चेहऱ्याभोवती पिवळी चौकट येते, खाली नाव. छापल्या फोटोत ती नसते. फोटो काढणाऱ्यालाच दिसते.

मॅच जिंकली की रेणू धावत थेट माझ्या लेन्ससमोर यायची. "पप्पा, काढा न लवकर!" इतकी जवळ, की त्या लेन्सचा फोकसच लागायचा नाही. मी ओरडायचो, "दोन हात दूर थांब, बाई!" ऐकेल तर शपथ.

गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. नागपूरला नेलं, उपयोग झाला नाही. तिचा शेवटचा फोटो त्याआधीच्या मॅचचा. तोही तसाच, अगदी जवळून काढलेला – लाल जर्सीचा नुसता धूसर डाग. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो पाहिला आणि घरातले सगळेच फोटो कपाटात ठेवून दिले. "शेवटचा फोटो बी धड नाई न जी पोरीचा," एवढंच म्हणाली. ती रडलीसुद्धा नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

संक्रांतीच्या आधी बाजारहत्नूरला टूर्नामेंट होती. रेणूच्या टीमच्या पीईटी मॅडमचा, म्हणजे खेळाच्या बाईंचा फोन आला. "सर, पोरी म्हणून राह्यल्या, फोटो तुमीच काढा." मी सुनंदाकडं पाहिलं.

"तुमी जा," ती म्हणाली. "माह्याच्यानं नाई होत."

शाळेचं ग्राउंड, चार कोपऱ्यांत चार खांब, त्यावर पांढरे लाइट. कापसाचे दिवस, उजेडात कापसाचं बारीक तूस उडत होतं. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. मॅच सुरू होताना बघतो तर आपल्या पोरी सहाच उभ्या. डावा कोपरा रिकामा. मी रेषेजवळ बसलो होतो. कॅप्टन कविता जवळ आली.

"काका, पहिली रेड आमी सहाच खेळून राह्यलो. रेणूची जागा हाये ते."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. रडायचं तर लपायला तेवढीच जागा होती.

...आणि रिकाम्या कोपऱ्यावर पिवळी चौकट आली. खाली नाव – रेणू.

मी डोळे पुसले. पुन्हा पाहिलं. समोरची मुलगी रेड टाकायला आत शिरली तशी चौकट खाली गेली, मॅटजवळ, आणि डावीकडून तिच्या पायामागं सरकली. रेणू तशीच खेळायची, आधी खाली बसायची आणि मग घोट्यावर झडप. रेड संपली, सातवी मुलगी येऊन कोपऱ्यात उभी राहिली, आणि चौकट गेली. उरलेली मॅच मी धड फोटो काढले नाहीत.

आपल्या पोरी जिंकल्या. सगळ्या मॅटच्या मध्यात एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्या घोळक्याच्या बाजूला चौकट पुन्हा आली. आधी लहान. मग मोठी होत गेली. ज्यांनी कॅमेरा हाताळलाय त्यांना कळेल – चौकट मोठी होते म्हणजे चेहरा जवळ येतोय. ती माझ्याकडंच येत होती. स्क्रीन भरत आली... आणि थांबली. कॅमेऱ्यानं 'पिप्' केलं. फोकस लागला.

मी बटण दाबलं. कॅमेरा खाली घेतला. समोर कुणी नव्हतं, नुसतं तूस उडत होतं.

त्या फोटोत पोरी, मॅट, खांब सगळं धूसर आहे. लाइटांचे मोठमोठे गोळे झालेत. कॅमेऱ्यातल्या नोंदीप्रमाणे लेन्सनं फोकस घेतलाय तो दोन हातांवर, आणि तिथं काहीच नाही.

घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं फोटो पाहायला कॅमेरा हातात घेतला. बराच वेळ पाहत राहिली.

"कुठं थांबली म्हणता?"

"दोन हातांवर."

"म्हंजे आयकलं तिनं तुमचं," ती म्हणाली, आणि मग जी रडली ती थांबेचना. मीही थांबवलं नाही.

कॅमेरा दुरुस्त करणारा म्हणतो, उडत्या तुसामुळं कॅमेरा फसला असेल. फसू शकतो, मान्य. पण तुसाला माझ्या मुलीचं नाव कसं लागलं? तिच्यासारखं घोट्याशी झुकणं कसं जमलं? कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, फिजिक्सच्या भाषेत सांगितलं तरी चालेल.

त्यानंतर मी बऱ्याच मॅचेसना गेलो. चौकट पुन्हा आली नाही. तिचा नोंदवलेला चेहरा मी कॅमेऱ्यातून काढून टाकलेला नाही. दरवेळी मॅच संपली की कॅमेरा डोळ्याला लावून मनात म्हणतो – ये बाई. आता कितीही जवळ ये, फोकस नाही लागला तरी चालेल.