उलट्या हाताच्या गाठी

मी कोंढा सोडलं त्या सकाळी बाबांनी मला दोन ठिकाणी पाया पडायला लावलं. आधी देवासमोर, मग ताईच्या फोटोसमोर.

"तिले सांगून जा," बाबा म्हणाले. "मोठी होती तुह्यापेक्षा."

फोटोत ताई साक्षगंधाच्या साडीत होती. काचेवर ताज्या झेंडूचा हार. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, शालूताई, तिरुपूरला चालली मी. बाहेर माझा नवरा गजानन पेट्या घेऊन उभा होता. तिरुपुरात टी-शर्टचं कापड विणणाऱ्या एका कारखान्यात तो वर्षभरापासून कामाला होता आणि आता मला न्यायला आला होता. आई पवनीच्या बसपर्यंत पोचवायला आली. ती रडली नाही. खिडकीतून तिनं माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "तिकडं रंगाचं काम भेटलं तं करजो पमे. सोडू नको."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. हे मी कोंढ्यातल्या लोकांसाठी लिहिते आहे आणि कोंढ्यातून सुरतेला, पुण्याला, कुठंकुठं गेलेल्यांसाठीही. माझ्या ताईची जी गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे, ती तशी नाही.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. पवनीला बायकांसाठी टाय-डायचा वर्ग निघाला होता, तिथं ती शिकली आणि घरी येऊन तिनं मला शिकवलं. आम्ही काय काय रंगवलं! आधी जुन्या ओढण्या, मग उशांचे अभ्रे, मग दाराचे पडदे, आणि शेवटी बाबांचं एक पांढरं धोतर, त्याबद्दल दोघींनी मार खाल्ला. वर्गात बारीक ठिपक्यांसाठी कापडात मोहरी नाहीतर मणी बांधायला सांगत. आमच्याकडे धान निघाल्यावर बांधीत, म्हणजे त्याच शेतात, लाखोरीचं कडधान्य येतं, तर ताई लाखोरीचे दाणे बांधायची. लाखोरीचा दाणा गोल नसतो, पाचरीसारखा असतो. त्यामुळे तिच्या ठिपक्याला एक कोपरा यायचा. त्यात ती डावखुरी. दोरा उलटा फिरायचा. तिच्या गाठी सोडताना माझी बोटं दर वेळी अडकायची आणि ती हसायची.

साक्षगंध झालं आणि आठ दिवसांनी ताई घरातून गेली. कुणासोबत गेली हे गावानं ठरवून टाकलं. बाबांनी तेरा दिवस वाट पाहिली. चौदाव्या दिवशी भटजी बोलावले आणि जिवंत मुलीची तेरवी घातली. गाव जेवून गेलं. त्यानंतर घरात तिचं नाव फक्त पितृपक्षात निघायचं. बाबा तिच्या नावाचं पान वाढायचे आणि कावळ्याची वाट पाहत अंगणात बसून राहायचे. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. ती मेली नाही, हे मला माहीत होतं. पण दरवर्षी हार, दरवर्षी पान, असं करत करत माणूस खरंच मरतं. माझ्यासाठी ती मेली.

मग ती दिसायला लागली. आमच्या शेजारच्या कौसाबाईनं तिला भर दुपारी आमच्या वावरात पाहिलं. राखणीच्या खोपडीच्या मागं बसून केस विंचरत होती, म्हणे. कौसाबाई चार दिवस तापानं फणफणली. पुढच्या वर्षी आणखी कुणाला दिसली. लोकांनी दुपारी आमच्या वावराकडची वाट सोडली. निंदणाला बाया मिळेनात. आई एकटीच डबा घेऊन जायची. मी सोबत येते म्हटलं की म्हणायची, "तू नको येऊ. तिले तुह्यावर लई जीव होता."

तिरुपूरला मी आले तेव्हा पाऊस नसूनही रस्त्याच्या कडेचं पाणी निळं वाहताना पाहिलं. गजाननला विचारलं तर तो म्हणाला, "सवय होते." झाली. आधी भाषेची झाली. सायम म्हणजे रंग, ऊरु म्हणजे गाव. भेटेल ती बाई आधी "सापटिया?", जेवलीस का, हेच विचारते. वर्षभरात मला एका छोट्या युनिटमध्ये काम मिळालं. परदेशातल्या ऑर्डरी यायच्या, भोवऱ्याच्या नक्षीचे टी-शर्ट, कुशन कव्हर, चादरी. कापडाला गाठी बांधायचं काम बाहेर घराघरांत जायचं. बांधलेले गठ्ठे आमच्याकडे यायचे, सोड्याच्या पाण्यातून आणि रंगातून निघायचे, धुऊन वाळायचे. मग आम्ही सहा बायका त्या गाठी सोडायचो. दोऱ्याचं टोक धरायचं, एक झटका द्यायचा, दोरा आपोआप सुटत जातो. दिवसाला हजारो गाठी. हात चालतो, डोकं मोकळं राहतं.

पाचव्या वर्षी, भाद्रपदात, एका सकाळी माझा हात अडकला.

झटका दिला तर गाठ सुटायच्या ऐवजी आवळली. दुसरी घेतली, तीही आवळली. तिसरीला मी दोरा उलटा फिरवला आणि तो सरसर सुटला. कापड उघडलं. गडद निळ्यात पांढरा ठिपका, आणि ठिपक्याला कोपरा. माझ्या मांडीवर काहीतरी पडलं. उचलून पाहिलं तर लाखोरीचा दाणा. रंगानं निळा झालेला, पण पाचरीसारखा, आमच्या बांधीतला असावा तसा.

तिरुपुरात लाखोरी मिळत नाही. मी आल्या आल्या दुकानं पालथी घातली होती.

त्या गठ्ठ्यातून एकशे बारा दाणे निघाले. शेजारची सेल्वी म्हणाली, "अक्का, तुझा चेहरा असा का झालाय?" मी दाणे पदरात बांधले. घरी गजाननला दाखवले तर तो म्हणाला, "पितृपक्ष चालू हाय. फेकून दे ते." तोही कोंढ्याचाच. वावरातली गोष्ट त्यालाही ठाऊक होती.

मी फेकले नाहीत. गठ्ठा कुठून आला ते सेल्वीकडून काढून घेतलं आणि रविवारी दुपारी नदीपलीकडच्या त्या गल्लीत एकटी गेले.

पत्र्याचं घर होतं. दार उघडं. ओसरीवर दोन म्हाताऱ्या पाठमोऱ्या बसून गाठी बांधत होत्या. मी हाक मारणार तोच त्यांचा आवाज कानावर आला आणि मी जागीच थांबले. त्या मोजत होत्या.

"एक, दोन, तीन, च्यार."

दोघी तमिळ. आपसात बोलायच्या त्या तमिळच. पण मोजायच्या मराठीत, आणि 'चार' नाही, 'च्यार', आमची आई म्हणते तसं. दहापर्यंत जायच्या आणि पुन्हा एकवर यायच्या. एकीचा दोरा तुटला तशी ती पुटपुटली, "अवं माय!"

माझी सावली ओसरीवर पडली असावी. एकीनं मागं वळून पाहिलं. तिच्या हातातलं कापड गळून पडलं.

"वंदुट्टिया?" ती म्हणाली. आलीस?

मग दुसरीनं पाहिलं. दोघी माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या. मी जवळ गेले तेव्हा पहिलीनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि मान हलवली. ही ती नाही. पण कोण आहे, हे तिला लगेच कळलं असावं, कारण तिनं मला बसायला पाट दिला.

माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. वडक्कडची, म्हणजे उत्तरेकडची, एक बाई दहा-अकरा वर्षांपासून इथं राहते. एकटीच आली होती. नाव लक्ष्मी सांगते. तिनंच आम्हाला हे काम शिकवलं. मोजायचं असंच असतं, म्हणाली. आता इथं नाही. दरवर्षी याच दिवसांत ऊरुक्कु जाते, गावी. शुक्रवारी परत येईल.

मी तिथूनच आईला फोन लावला.

"आई," मी म्हटलं, "ताई जिवंत हाय."

पलीकडून नुसता वारा, आणि कुठंतरी बांधीतलं पाणी वाहत असल्याचा खळखळाट.

"आई, ऐकून राहिली का?"

"हळू बोल," आई म्हणाली. "वावरात हाओ मी. ते इथंच हाय. जेवून राहिली."

"तिच्याच पानाचं जेवून राहिली," आई म्हणाली. "तिच्या नावानं शिजते, मंग तिनंच खाल्लं पायजे न. दरवर्षी घेऊन येतो मी डब्यात."

"आणि कौसाबाईनं पाहिलं ते?"

"हेच दिसली तिले. मंग मीच गावभर सांगतलं का तिकडं काही तरी हाय म्हणून. कोणी फिरकत नाही आता. पोरीले दोन दिवस तं राहाले भेटते."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुह्या बापानं शपथ घातली होती. तिचं नाव घेशीन तं पमी मरन म्हणे. तुह्या जिवाची शपथ, पमे. कशी तोडू?"

मग फोन कुणीतरी घेतला. श्वास ऐकू आला. अकरा वर्षांनी माझी ताई बोलली, आणि पहिला शब्द सवयीनं तमिळच निघाला.

"सोल्लु," ती म्हणाली. बोल.

शुक्रवारी ती आली. केस पिकले होते, कोपरापर्यंत हात निळे, माझ्यासारखेच. आम्ही एकमेकींच्या गळ्यात वगैरे पडलो नाही. ओसरीवर शेजारी बसलो. ती कुणासोबत पळाली नव्हती. लग्न नको होतं, एवढंच. नागपूरच्या स्टेशनवर दक्षिणेकडे कामाला जाणाऱ्या बायकांचा घोळका दिसला, त्यांच्यासोबत ती गाडीत बसली. मी तिरुपुरात आहे हे तिला आईकडून पहिल्याच वर्षी कळलं होतं. आईनं मला तिचं नाव सांगितलं नव्हतं, पण तिला माझं सांगायला शपथ आडवी येत नव्हती.

"मंग आली काहून नाही माह्याकडं? चार कोसांवर राहून राहिली होती तू."

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "मी मेलेली हाओ न पमे. मेलेल्यानं दार वाजवलं तं लोक कडी लावतात. तू लावली असती."

लावलीच असती मी. बसच्या दिवशी मी तिच्या फोटोला हात जोडले होते.

"म्हणून लाखोरी बांधली," ती म्हणाली. "जिथं जिथं माल जाते त्या समद्या युनिटात. च्यार वर्षं. म्हटलं, तू सोडशीन तं ओळखशीन. नाही ओळखली तं नाही."

पुढच्या वर्षी पितृपक्षात आम्ही दोघी कोंढ्याला गेलो. मी उघड, मुख्य रस्त्यानं. ती आदल्या दिवशी, वावराच्या बाजूनं. घरात फोटोला नवा हार. बाबा फार थकले होते. आईनं ताईचं पान वाढलं आणि बाबांसमोर ठेवलं. मी बाजूला बसले होते आणि मला जेवण जात नव्हतं. जिच्या नावाचं पान, ती अर्ध्या मैलावर उपाशी बसली आहे, आणि हा माणूस कावळ्याला हाक मारणार.

बाबांनी हाक मारली नाही. पान माझ्याकडे सरकवलं.

"हे डब्यात भर," ते म्हणाले. "अन् वावरात देऊन ये. वरण घट्ट घे. तिले पातळ चालत नाही."

आईचा हात हवेतच राहिला. बाबा भिंतीकडे पाहत होते. कधीपासून माहीत होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मी डबा घेऊन निघाले. वाटेत दोन बाया दिसल्या, मी कुठं चालले ते पाहून त्यांनी पदर डोक्यावर ओढले आणि वळल्या. खोपडीत ताईनं डबा उघडला, वरण बोटानं चाखलं आणि विचारलं, "कोणं भरला?"

"बाबांनी भराले लावला."

ती जेवली. शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. पण घरी चल म्हटलं तर म्हणाली, "त्यांनी बलावलं का?" तसं त्यांनी बोलावलं नव्हतं. डबा पाठवण्याच्या पलीकडे ते गेले नाहीत आणि ती वावराच्या अलीकडे आली नाही. तीन वर्षं हे असंच चाललं.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. तिरुपूरहून आम्ही दोघी सोबत निघालो. कोंढ्याच्या स्टॉपवर उतरल्यावर मी वावराच्या वाटेकडे वळले, तर ताई म्हणाली, "नाही. इकडून." आणि ती सरळ गावातून चालायला लागली, सकाळी दहा वाजता, उघड्या डोक्यानं.

लोक बोलायचे थांबले. एकानं पोराला उचलून घरात नेलं. एक दार लागलं, मग दुसरं. ताई चालत होती आणि गल्ली तिच्यासमोर रिकामी होत होती. मी मागं होते आणि मला तिची भीती वाटत होती, खरं सांगते, माझ्या सख्ख्या बहिणीची, जिच्या शेजारी मी रात्रभर गाडीत झोपले होते.

आमच्या घराच्या अलीकडे कौसाबाई उभी होती. आता पार वाकलेली. ती पळाली नाही. पळता येत नसेल. ताई तिच्यासमोर थांबली. कौसाबाईनं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला आणि ताईचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"गरम हाय वं," ती म्हणाली. मग मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं, "अवं, पोरगी गरम हाय!"

हे लिही, असं ताईच म्हणाली. तिरुपुरात आता आम्ही एकाच गल्लीत राहतो. दोघींनी मिळून चादरींचं काम घेतलं आहे. कोंढ्याला वर्षातून दोनदा जातो. घर कुठं, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी पटकन कोंढा म्हणायचे. आता थोडं थांबते. ज्या घरानं तिला मारलं, त्याच घरातून तिचा डबा गेला. ज्या आईनं तिला जेवू घातलं, तिनंच तिचं भूत केलं. आणि जिथं ती जिवंत राहिली, तिथं तिला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी बाबांना नेल्यावर ताई ओसरीच्या पायरीशीच उभी राहिली, आत यावं की नाही, ते तिला ठरवता येईना. आई आतून म्हणाली, "शालू, उभी काहून राहिली? पाय धू अन् आत ये."

ताईनं पाय धुतले.