गुनेल खिळा ठोकू देत नाही

गुनेलनं तुवाची डॉक्टरेट अडवली, आणि तीही धुण्याच्या पाळीवरून, ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी दोन वाजता पसरली. वेळ मी इतकी नेमकी सांगतोय, कारण पसरवली मीच.

बातमीला आधार होता. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते. फेब्रुवारीत तिसऱ्या मजल्यावरच्या आग्नेताची पाळी संपली तरी तिच्या चादरी पंचवीस मिनिटं मशीनमध्ये गरगरत होत्या, आणि पुढची पाळी होती गुनेलची. गुनेलनं दारावर चिठ्ठी लावली, ‘चादरी छान आहेत, पण माझ्या नाहीत.’ तेव्हापासून दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की फक्त हवामानाबद्दल बोलायच्या. आमच्याकडे याला वैर म्हणतात. तुवा ही या आग्नेताची मुलगी. त्या गुरुवारी आग्नेता रडवेल्या चेहऱ्यानं खाली धुण्याच्या खोलीत आली आणि टोपली आपटत मला म्हणाली, “गुनेल माझ्या पोरीला खिळा ठोकू देत नाहीये.” एवढंच ती बोलली. पुढचं मी जुळवलं, आणि तीन वाजेपर्यंत पाचव्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांनाही ते माहीत झालं होतं.

बातमी खोटी होती. म्हणजे खिळा अडवला होता हे खरं. चादरींचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

खिळ्याचं असं आहे, की आमच्या विद्यापीठात प्रबंध छापून आला की त्याच्या कोपऱ्यात भोक पाडतात आणि ग्रंथालयातल्या लाकडी फळीवर तो खिळ्यानं ठोकतात. जाहीर परीक्षेच्या आधी पुरते तीन आठवडे. कुणालाही वाचता यावा, आणि ज्याला वाद घालायचा असेल त्यानं तयारीनं यावं, म्हणून. घरची माणसं येतात, केक कापतात, फोटो काढतात. पण हल्ली फळीवरचा खिळा हा केकपुरताच. खरा खिळा म्हणजे प्रबंध ग्रंथालयाच्या डिजिटल भांडारात जाणं, जगातल्या कुणालाही फुकट वाचता येईल असा. त्या भांडाराची किल्ली गेली बावीस वर्षं गुनेलकडे आहे. तो खिळा वेळेत बसला नाही तर परीक्षा नाही.

गुनेल एकसष्ट वर्षांची, शिडीसारखी उंच, माझ्या समोरच्या दारात राहते. तिचं काम काय, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लोकांकडून त्यांचं स्वतःचंच लिखाण मागून घेते.” मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तसंच आहे ते. प्राध्यापक लोक लेख लिहितात, तो कुठल्याशा कंपनीच्या मासिकात छापून येतो, आणि मग तो वाचायचा तर ग्रंथालयानं वर्गणी भरायची. लेखकाची स्वतःची शेवटची प्रत मात्र बहुतेक वेळा भांडारात ठेवायला परवानगी असते. ती प्रत कुणालाच सापडत नाही. गुनेल मग कॉफीच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर जाऊन बसते आणि बन खात वाट बघते.

दलदलींचा अभ्यास करणारा प्रोफेसर स्टेलान एकदा म्हणाला, “ती प्रत माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे गं, आणि तो आहे गॅरेजमध्ये.”

“गॅरेजला कुलूप आहे?”

“नाही.”

“मग झालं तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बर्फावरून पायानं रेटायच्या घसरगाडीवर तो बोजड कॉम्प्युटर दोरीनं बांधून चालल्या होत्या. मी खिडकीतून विचारलं, “कुणाचं प्रेत गं?” ती म्हणाली, “एकोणीस लेखांचं. पण अजून धुगधुगी आहे.”

तिच्या फ्रिजवर पेरूमधल्या एका जनावरांच्या डॉक्टरचं पत्र लावलेलं आहे. रेनडिअरच्या खुरांवरचा आमच्याकडचा एक प्रबंध त्यानं भांडारातून वाचला आणि तिकडच्या अल्पाकांना बरं केलं. मी वेलची मागायला गेलो की ते पत्र नवं असल्यासारखं वाचतो, कारण मग वेलचीबरोबर एखादा बनही मिळतो.

आणि तिची एक खोड आहे. भांडारात येणारी प्रत्येक फाइल ती उघडते. पहिलं पान नव्हे, सगळी. परिशिष्टं, तक्ते, नकाशे, सगळं. या खोडीपायीच त्या गुरुवारचा घोळ झाला.

तुवाचा प्रबंध हिओर्ट्रॉनवर होता, म्हणजे दलदलीत उगवणाऱ्या त्या केशरी बेरीवर. काही वर्षी फुलं भरभरून येतात आणि फळ मात्र धरत नाही, ते का, यावर पोरीनं सहा उन्हाळे डास खात काढले. आता या बेरीबद्दल आमच्याकडची रीत सांगायला हवी. इथल्या माणसाला पगार विचारा, वजन विचारा, बायको का सोडून गेली ते विचारा, तो सांगेल. बेरी वेचायची जागा तो सांगणार नाही. भाऊ भावाला सांगत नाही. माझ्या वडिलांनी मला आमची जागा दाखवली तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. तरीही तुवानं घरोघर जाऊन, गोड बोलून, अकरा घरांकडून जागा काढून घेतल्या. कुणालाही कळणार नाही, असा शब्द दिला. नकाशात प्रत्येक जागेवर तिनं मोठा करडा गोल घातला, आत नेमकं कुठे ते दिसू नये म्हणून.

छापील पुस्तकात ते झकास दिसत होतं. गुनेलनं गुरुवारी सकाळी फाइल उघडली, एका गोलावर माउस नेला आणि जरासा ओढला. पातेल्यावरचं झाकण सरकावं तसा गोल बाजूला सरकला. खाली लाल ठिपका. ठिपक्यापाशी आकडे, पार मीटरपर्यंत. तुवानं ठिपके झाकले होते, काढले नव्हते. सोबतच्या तक्त्यात तर पहिलाच रकाना जागेचा होता.

गुनेलनं आधी तुवाच्या मार्गदर्शकाला फोन केला. तो म्हणजे हाच स्टेलान.

“स्टेलान, तुवाचा नकाशा उघडलास?”

“बघितला की. सुंदर झालाय.”

“उघडलास का, असं विचारलं मी.”

“अगं, परिशिष्ट कोण उघडतं? ठोक तू खिळा. पुढच्या आठवड्यात बदलू.”

“ठोकलेला खिळा मी उपटत नाही. एकदा बाहेर गेलं की ते कुणाकुणाच्या घरी पोहोचेल, काय सांगू? अकरा घरांची माफी मागत तू फिरणार आहेस का?”

मग तिनं तुवाला सांगितलं. हे असं जाणार नाही, उद्या शुक्रवारी चारच्या आत नीट करायचं. तुवा रडली आणि तिनं आईला फोन केला. रडण्यासारखंच होतं. परीक्षा पाच जूनला. परीक्षक आइसलँडहून येणार होते. शुक्रवारी चारला खिळा बसला नाही तर तीन आठवडे भरत नाहीत, जून निघून जातो, मग विद्यापीठ उन्हाळ्यासाठी बंद, आणि परीक्षा थेट सप्टेंबरात. नॉर्वेतली त्रुम्सोची नोकरी तिला एक ऑगस्टपासून मिळणार होती, पण पदवी हातात असेल तरच. थोडक्यात, सहा उन्हाळ्यांचं फळ त्या चार वाजण्यावर टांगलेलं होतं.

शुक्रवारी अडीचला आग्नेता बदामाचा केक घेऊन ग्रंथालयाकडे निघाली. मी म्हटलं, मीही येतो, केक धरायला. खरं तर मला भांडण बघायचं होतं.

गुनेलच्या खोलीत ती आणि तुवा बूट काढून शेजारी शेजारी बसल्या होत्या. सकाळी सहापासून. टेबलावर कॉफीचे पाच कप, सगळे अर्धे.

आग्नेता दारातच म्हणाली, “माझ्यावरचा राग माझ्या पोरीवर काढतेस?”

गुनेलनं मान वळवली नाही. “आग्नेता, केक तिथं ठेव आणि खुर्ची ओढ. तू औषधांच्या दुकानात तीस वर्षं होतीस ना? इथं आकडे ताडून बघायला एक माणूस कमी आहे. तू वाच, मी बघते.”

“आई, बस ना,” तुवा म्हणाली. “ती मला वाचवतेय.”

आग्नेता कोट न काढताच बसली आणि आकडे वाचायला लागली. भांडण बुडालं. मी तक्त्यात डोकावलो आणि विचारलं, “कसले आकडे हे?”

“बेरीच्या जागांचे,” तुवा म्हणाली. “अकरा घरांच्या. तुझीही आहे त्यात, इंग्वे.”

मी दार लोटून घेतलं. तुवाला जागा सांगणाऱ्या अकरांत मी होतो, हे मी बायकोलाही बोललो नव्हतो. वडिलांनी पंचेचाळीस वर्षं राखलेली ती जागा मी कॉफीच्या दुसऱ्या कपाबरोबर ओकून टाकली होती. आणि आदल्या दिवशी मी जिच्या नावानं जिनाभर बोंब मारली, ती बाई सकाळपासून माझ्याच जागेवर पांघरूण घालत होती.

“मग तो तक्ताच उडवून टाका की,” मी म्हटलं. “हवाय कशाला?”

“उडवला तर हिनं सहा वर्षं काय मोजलं ते तपासणार कसं?” गुनेल म्हणाली. “थंडी किती, फुलं किती, फळं किती, सगळं राहील, सगळ्या जगाला बघता येईल. फक्त जागा दहा किलोमीटरच्या चौकोनाहून बारीक नाही सांगायची. त्या चौकोनात शोधायला गेला कुणी तर डासच त्याला घरी पाठवतील.”

साडेतीनला सगळं झालं. नकाशे नवे, तक्ता नवा, पानांचे आकडे जुळलेले. राहिली फक्त स्टेलानची मंजुरी. फाइल बदलली की मार्गदर्शकानं पुन्हा हो म्हणावं लागतं. तुवानं त्याला तीन निरोप पाठवले होते, गुनेलनं चार फोन केले होते. पण मे महिन्यातला शुक्रवार होता, ऊन पडलं होतं, आणि जेवणानंतर सगळा विभाग उन्हाळ्याच्या घराकडे होड्या पाण्यात सोडायला पळाला होता. फोन नुसताच वाजत होता. तुवानं चौथा निरोप लिहायला घेतला. आग्नेतानं तिचा हात धरला.

गुनेल खुर्चीत वळली आणि तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“इंग्वे, कालची बातमी किती वेळात पसरली?”

“कुठली?”

“चादरींची.”

मी म्हटलं, “तासाभरात.”

“आत्ता आपल्याकडे वीस मिनिटं आहेत.”

मी फोन काढला. स्टेलानच्या उन्हाळ्याच्या घराजवळच्या दुकानात माझी मावसबहीण असते. ती म्हणाली, दोनला दोर घेऊन गेला, आणि दाढी वाढवलीय, बरी नाही दिसत. मी म्हटलं, दाढीचं उद्या बोलू. तिनं नवऱ्याला धक्क्यावर पिटाळलं. चाराला नऊ मिनिटं कमी असताना नवऱ्याच्या फोनवरून स्टेलान बोलला.

“गुनेल, मी कमरेपर्यंत पाण्यात उभा आहे.”

“तिथंच राहा. या फोनवर एक पत्र पाठवलंय, ते उघड, वाच आणि मंजुरी दे.”

“वाचायलाच हवं?”

“या वेळेला वाच.”

तो खरंच वाचत बसला. एवढा प्रामाणिकपणा त्याला त्याच दिवशी सुचायचा होता. तीन मिनिटं आम्हाला फोनमधून नुसता पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. मग तो म्हणाला, “बापरे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं,” आणि पडद्यावर मंजुरी उमटली. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी गुनेलनं बटण दाबलं. मग टेबलाच्या खणातून हातोडी काढून तुवाच्या हातात दिली. तुवानं फळीवर खिळा ठोकला तो वाकडा गेला, आणि तो वाकडाच राहिला.

पाच जूनला आइसलँडच्या परीक्षकानं त्याच तक्त्यावर अर्धा तास खोदून खोदून विचारलं. तुवानं एकेक उत्तर दिलं. ऑगस्टमध्ये ती त्रुम्सोला गेली.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारच्या केकचं. आग्नेतानं पहिला आणि सर्वांत मोठा तुकडा गुनेलला दिला. गुनेलनं तो लगेच खायला घेतला. मग तुवा आणि तिची आई फोटो काढायला फळीपाशी गेल्या आणि मी गुनेलजवळ सरकलो.

“काल मी जरा जास्तच बोललो,” मी म्हटलं.

“ऐकलं. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं.”

“पण एक विचारू? तू अकराच्या अकरा जागा बघितल्यास?”

“बघितल्या. कामच आहे ते.”

“माझीही?”

“तुझीही.”

“मग गुनेल, तेवढं कुठे बोलू नकोस हं. वडिलांनी फार जपली होती ती जागा.”

तिनं चमचा चाटून बशीत ठेवला.

“दहा जागा लपवायलाच हव्या होत्या, इंग्वे. तुझी उघडी ठेवली असती तरी तक्त्यातला तिथला फळांचा आकडा बघून तिकडे कुणी फिरकलं नसतं.”