रिकाम्या कोठ्यातला धूर

ढोल चोरीला गेल्याची ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत बैल, मोटरपंप, सागाचे लठ्ठे, एकदा तर उभा मंडप चोरीला गेलेला पाहिला. पण ढोल पहिल्यांदाच. तेव्हा मी आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. थंडीचे दिवस होते.

तक्रारदार एका गोंड टोल्यावरचे, म्हणजे पाड्यावरचे म्हातारे ढोलवादक. चार दिवसांवर गावाचा वाद्य-उत्सव आलेला. गोटुलावर, म्हणजे गाव जिथे बसतं, शिकतं, नाचतं त्या घरावर नवं छप्पर हवं होतं. त्याच्या वर्गणीसाठी हा सगळा घाट. बायका मोहाचे लाडू आणि जेवण विकणार, आज्या नातवंडांना जुनी गाणी शिकवणार, आईबाप-लेकरांची पत्रावळी लावायची शर्यत. आणि मधोमध तो जुना ढोल.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"मी कोणाचं नाव काऊन घेऊ, साहेब?" म्हातारे जमिनीकडे बघत म्हणाले.

नाव घेतलं ते सोबत आलेल्या उत्सव समितीच्या अध्यक्षांनी. टोल्यावर नुकताच एक माणूस तापाने गेला होता. तिथली रीत अशी, की गावात मौत झाली की ढोल गप्प. त्या घरच्या हाताने पहिली थाप पडली की मगच मोकळा. पण पाहुण्यांना निरोप गेलेले, म्हणून समितीने उत्सव करायचंच ठरवलं. तेव्हा मेलेल्याचा धाकटा भाऊ भरसभेत ओरडला होता, "वाजवूनच पाहा!"

झालं, संशयित मिळाला. मी त्याला ठाण्यात बोलावला.

"ढोल कुठी आहे?"

"मले नाई मालूम."

"मग धमकी काऊन दिली?"

"राग आला म्हणून देल्ली. राग आला का माणूस चोर होते का, साहेब?"

दोन दिवस हाच पाढा. समोरचा चहा त्याने एकदाही उचलला नाही. जंगल खात्याच्या डेपोत तो रोजंदारीवर होता. चोरीचा गुन्हा दाखल झाला असता तर ते काम गेलं असतं, आणि त्याच्या मजुरीवर आता दोन चुली होत्या: त्याची आणि वहिनीची. हे मला ठाऊक होतं, म्हणून अर्ज चौकशीवरच ठेवला. पण खरं सांगतो, मनातून मी त्याला चोर ठरवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी हवालदार टोल्यावरून हसत आला. पोरांना गाणी शिकवणाऱ्या एका आजीने त्याला सांगितलं होतं, "ढोलवाल्या बुढ्याच्या कोठ्यातून भर दुपारी धूर निघून राह्यला. बैल तर त्यानं कवाचेच इकले."

हवालदाराला गंमत वाटली. मी मात्र खुर्चीतून उठलो. मी चिमूरकडचा, घरी डफ वाजवणारी माणसं. दवाने चामडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून ते उबेत ठेवावं लागतं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. चोर ढोल विकेल, फोडेल, नाल्यात टाकेल. त्याला शेकत बसणार नाही. शेकतो तो ज्याचा आहे तो!

पंच आणि अध्यक्षांना घेऊन गुरांचा तो रिकामा कोठा उघडला. आढ्याला ढोल टांगलेला, खाली खापरात निखारे. म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"समितीले नाई म्हणवेना, साहेब. छप्पर तर आमच्याच लेकरांसाठी आहे. अन् जिचा मानूस गेला त्या बाईच्या दारासमोर वाजवायले हात होईना. चोरी झाली म्हटलं, म्हणजे कोणाशीच वाकडं नाई."

"आणि तो पोरगा दोन दिवस माझ्यापुढे बसलाय, त्याचं काय?" मी खेकसलो. खोटी तक्रार हा गुन्हा आहे. म्हातारे रडायला लागले. मी त्या पोराला बोलावून घेतलं आणि म्हाताऱ्यांना सगळ्यांसमोर त्याची माफी मागायला लावली. मग त्याने स्वतःच ढोल खाली उतरवला आणि खांद्यावर घेतला.

प्रकरण मिटवण्याआधी त्या विधवा बाईचा जबाब घ्यायला आम्ही सगळे तिच्या दारात गेलो. बाई ओसरीवर पळसाच्या पत्रावळ्या लावत होती, ढीगभर.

"बाई, या कशाला?"

"कशाले म्हणजे? उत्सवातल्या जेवणाले."

मी ढोल कुठे सापडला, कोणी लपवला, का लपवला, ते तिला सांगितलं. तिने अध्यक्षांकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे, दिराकडे आणि शेवटी माझ्याकडे.

"माह्यासाठी हा लपवते, तो भांडते, तुमी ठाण्यात कागद काळे करता. मले कोणी विचारलं? माहा मानूस त्याच गोटुलात नाच शिकला. आणा इकडं तो ढोल."

दिराने ढोल पुढे ठेवला. बाईने पदराला हात पुसले आणि थाप मारली. म्हाताऱ्यांनी शेकून ठेवलेला ढोल असा खणखणीत वाजला की पलीकडे गाणी म्हणणारी पोरं धावत आली. उत्सव ठरल्या दिवशी झाला. पाहुण्यांनी आम्हाला बंदोबस्ताबद्दल धन्यवाद दिले, मला लाज वाटली.

नोकरीत मी धुरावरून, पायांच्या ठशांवरून, थंड झालेल्या चहावरून बरंच ओळखायला शिकलो. ढोल सापडला त्या संध्याकाळी अर्ज निकाली काढताना कागद चाळले. अध्यक्षांचा जबाब होता, वादकाचा होता, दिराचा तर दोनदा घेतलेला. ज्या बाईच्या दुःखावरून एवढं रामायण झालं, तिचं नाव आधीच्या दोन दिवसांच्या कागदांत कुठेच नव्हतं. आणि तिचं घर टोल्यावर शिरताना पहिलंच लागायचं.