नवव्या वळणावरची गाडी

कप्तान आयुष्यात कधीच कप्तान नव्हता. सैन्यात तो ट्रक चालवायचा, आणि शेवटची चार वर्षं सात ट्रकांच्या ताफ्याचा म्होरक्या होता, एवढंच. पण इमारतीतल्या कुणीतरी एकदा थट्टेनं हाक मारली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची मुलगी राहायचे. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची.

कंबरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. माणूस दिवसभर खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या गिअरवर टीका करायला लागला, तेव्हा मुलीनं आपला जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर मांडला. त्यात तिच्या कॉलेजच्या दिवसांतला एक युद्धाचा खेळ होता.

"बाबा, लेव्हल कुठली ठेवू? सोपी, मध्यम, अवघड की वास्तव?"

"वास्तव म्हणजे काय?"

"म्हणजे डिझेल संपतं, ड्रायव्हर दमतात, निरोप उशिरा पोचतो."

"आणि सोप्यात?"

"सोप्यात डिझेल संपतच नाही."

कप्तान मोठ्यानं हसला. "म्हणजे लग्नातली वरातच की! नको बाई. वास्तवच ठेव."

पहिले पंधरा दिवस तो दणकून हरला. तोफा पुढे गेल्या तर गोळे मागे राहायचे, गोळे पोचले तर माणसं उपाशी. तो खूश होता. "बनवणाऱ्यानं कुठंतरी ट्रक ढकललेला दिसतोय," असं तो रोज दुपारी आपल्या दोस्ताला सांगायचा.

हा दोस्त शेजारच्या गल्लीत राहायचा. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, म्हणून त्यानं स्वतःच स्वतःचं नाव दीडपाय ठेवलं होतं. "लोकांनी ठेवण्याआधी आपण ठेवलेलं बरं," म्हणायचा. कुबडी ठोकत तो तीन मजले चढून यायचा, चहा प्यायचा, आणि कप्तानाला खेळावरून नावं ठेवायचा. एकतीस वर्षं दोघांचा चहाचा एक दिवस चुकला नव्हता. युद्धात ट्रक घसरून या काकांचा पाय गेला आणि बाबांनी त्यांना बाहेर ओढलं, एवढं मुलीला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यापुढचं घरात कुणी बोलत नसे.

त्या खेळात आपला नकाशा आपण बनवता येतो, हे मुलीनंच त्याला दाखवलं. मग कप्तान दोन महिने नुसता नकाशाच करत बसला. चौदा वळणांची डोंगरवाट, खाली लाकडी पूल, पुलापलीकडे खडी चढण, वर बर्फातलं ठाणं आणि त्यात चौतीस माणसं. सात ट्रक दारूगोळा आणि रॉकेल घेऊन दुपारी बाराला निघतात. तिसरा ट्रक नवव्या वळणावर घसरून दरीच्या काठाला लटकतो. साडेपाचला शत्रू पूल उडवतो. सगळं त्यानं जसंच्या तसं घातलं, कारण ते तसंच घडलं होतं. तिसऱ्या ट्रकमध्ये दीडपाय होता. त्याला केबिनमधून सोडवायला एक तास पन्नास मिनिटं लागली. ताफा पुलाशी पोचला तेव्हा सहाला वीस कमी होते आणि पूल दहा मिनिटांपूर्वी गेला होता. दुसऱ्या दिवशी ठाणं पडलं. चौतीसांतलं कुणी परत आलं नाही.

चौकशी झाली. कप्तानावर ठपका आला नाही. पूल ओलांडला असता तरी त्या थंडीत डिझेल गोठून एकही ट्रक चढण चढला नसता, असं कागदावर लिहिलं गेलं. त्या एका वाक्यावर कप्तानानं पुढचं आयुष्य काढलं होतं.

आता तो तेच पुन्हा पुन्हा खेळत होता. कधी ओझं कमी करायचा, कधी चाकांना साखळ्या बांधायचा, कधी ट्रकांचा क्रम बदलायचा. बहुतेक वेळा पुलाशीच गाडं अडायचं. दोनतीनदा पूल पार झाला, पण तोवर ऊन उतरायचं, डिझेल गोठायचं आणि ट्रक चढणीवर एकेक करून बंद पडायचे. हरला की तो हात झटकून उठायचा आणि दोन घास जास्त जेवायचा. मुलीला कळेना, हा माणूस हरून एवढा खुलतो कसा.

एका रविवारी तिला सुट्टी होती. दीडपाय सोफ्यावर चहा घेत होता. "सरका बाबा, मी बघते," म्हणत तिनं माउस घेतला. ताफा निघाला. नवव्या वळणावर तिसरा ट्रक घसरला, आणि ती पुढे निघाली.

"अगं थांब, तो अडकलाय," कप्तान म्हणाला.

"दिसतंय मला. पण एका गाडीसाठी अख्खा ताफा थांबवतात का बाबा?"

कप्तानानं माउसकडे हात नेला आणि तो तसाच टेबलावर राहिला. सहा ट्रकांनी पूल पार केला. चढणीवर अजून ऊन होतं. दोन ट्रक बंद पडले, चार वर गेले. ठाण्यातल्या चौतीस ठिपक्यांभोवती हिरवी रेघ उमटली. सकाळ झाली तरी ठिपके तिथंच होते.

"जिंकले!" ती टाळी वाजवून वळली. "बघा, तुम्हाला तीन महिन्यांत जमलं नाही ते..."

दीडपायनं कप जमिनीवर ठेवला. कुबडी जवळ ओढली, पण उठायला त्याला वेळ लागला.

"छान खेळलीस पोरी," तो म्हणाला, आणि एकेक पायरी ठोकत उतरून गेला.

बापाचा चेहरा बघून मुलीनं विचारलं, आणि त्यानं पहिल्यांदाच सगळं सांगितलं, सरकारी अहवाल वाचावा तसं. ती रडली. मग डोळे पुसून तिनं लेव्हल बदलली. सोप्यात अडकलेला ट्रक चार मिनिटांत वर आला, पूल उडालाच नाही, सगळे वाचले.

"हा खेळ आहे बाबा. कुणीतरी आकडे भरलेत, बस्स."

"आकडे मी भरलेत," कप्तान म्हणाला. "बंद कर ते."

दीडपाय दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांचं न ऐकता कप्तान भिंतीला धरून जिने उतरला. दीडपायच्या खोलीत पलंगावर उघडी बॅग होती.

"पुतणीकडे चाललोय. ती कधीची बोलावतेय."

"लेका, तो खेळ आहे."

"माहीत आहे." दीडपाय सदऱ्याची घडी घालत राहिला. "त्या दिवशी केबिनमधून मी ओरडत होतो, जाऊ नको, जाऊ नको. आठवतं?"

"आठवतं."

"जा म्हणायला हवं होतं मी."

"तू म्हणाला असतास तरी गेलो नसतो."

"आणि आज?"

कप्तानानं तोंड उघडलं. नाही, एवढाच शब्द म्हणायचा होता. ज्याच्यासोबत एकतीस वर्षं चहा प्याला, तो समोर उभा होता. पण त्याच्या मागे ती चौतीस माणसं, नावानिशी, आणि त्यांतली कित्येक तर पंचविशीही न गाठलेली. शब्द आला नाही. दीडपायनं थोडी वाट पाहिली, मग बॅगेची चेन ओढली.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझ्या जागी मी तरी कुठं सांगू शकलो असतो."

स्टँडपर्यंत पोचवायला कप्तानाची कंबर नव्हती, आणि दीडपायनं विचारलंही नाही.

आधी दर रविवारी फोन यायचा. औषधं, पुतणीची मुलं, हवापाणी. मग महिन्याला एक. दोघंही जपून बोलायचे, नव्या ओळखीचे असल्यासारखे. मुलीनं कॉम्प्युटर दवाखान्यातल्या एका परिचारिकेला देऊन टाकला. कप्तान परत खिडकीशी बसायला लागला, पण गिअरवर बोलायचं त्यानं सोडलं.

एका संध्याकाळी मुलगी कामावरून आली तेव्हा तो नुकताच फोन ठेवत होता.

"काका होते? काय म्हणाले?"

"काही नाही," कप्तान म्हणाला. "तिकडं ऊन चांगलं पडतं म्हणे."