पायाची सर्वसाधारण सभा

बीडच्या दवाखान्यात माझ्या वडिलांच्या शेजारच्या खाटेवर पटका बांधलेले एक गृहस्थ होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. साखर कारखान्याचे जुने सभासद. सभेशिवाय त्यांना जेवण पचत नसावं. पायाची रक्तवाहिनी बंद होऊन त्यांचा अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: जांघेतून बारीक नळी घालून फुग्यानं वाहिनी मोकळी करायची, नाहीतर पाय उघडून त्यांचीच एक शीर जोडायची, म्हणजे बायपास.

ते उठून बसले, पटका नीट केला आणि अख्ख्या वॉर्डाला म्हणाले, "मंडळी, ठराव मांडतो. फुग्याच्या बाजूनं कोण कोण हाय?"

"गाळ काढून भागतंय, तर नवी पाइपलाइन कावून?" समोरच्या खाटेवरचा फळवाला म्हणाला. दुष्काळात सगळ्यांना पाण्याचीच भाषा कळत होती. भराभर हात वर झाले. फक्त पटकेवाल्यांच्या उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं हात वर केला नाही.

"मी काय सभासद न्हाई," ती पुटपुटली.

संध्याकाळी डॉक्टर तपासण्या बघून म्हणाले, "शीर चांगली आहे. तुमच्या पायाला बायपासच जास्त टिकेल."

"बघा," ते मला डोळा मारत म्हणाले, "आमच्या कारखान्यातबी असंच. हात आमी वर करायचे, अन् ठरायचं वरच."

दुसऱ्या दिवशी त्यांचं स्ट्रेचर ऑपरेशनला निघालं. कुणी न सांगता अख्ख्या वॉर्डानं हात वर केले. मागोमाग त्यांच्या बायकोनंही.

"बिनविरोध," ते म्हणाले, आणि पटका काढून तिच्या हातात दिला.