गजाभाऊचा उजवा डोळा

सरोजिनीबाई धैर्यवान एका विमा कंपनीत कारकून होत्या, तेव्हा ऑफिसातली मंडळी त्यांना पाठीमागे ‘डुलकीबाई’ म्हणायची. आता खरं सांगायचं तर बाईंनी उभ्या आयुष्यात ऑफिसात एक डुलकी काढली नाही. पण डावी पापणी जन्मापासून अर्ध्यावर येऊन थांबलेली, त्याला त्या काय करणार? नवीन साहेब आला की पहिल्या आठवड्यात एकदा तरी टेबलावर टकटक करून जायचा. बाई उजवा डोळा वटारून वर बघायच्या, आणि साहेब निमूट केबिनमध्ये. सत्तरी उलटली तरी पापणी जागच्या जागी आहे, आणि उजव्या डोळ्याचा दराराही.

ह्याच बाईंनी गिरगावच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून इतके हत्ती, वाघ आणि अस्वलं शिवली, की ती सगळी एकदम चालायला लागली असती तर राणीच्या बागेला कुंपण वाढवावं लागलं असतं. मखमल, फरचं कापड, आत सावरीचा कापूस. उलटं शिवायचं, सुलटं करायचं. हत्तीची सोंड काही केल्या सुलटी होत नाही, ती छत्रीच्या तारेनं हळूहळू बाहेर काढायची. घाई केली की टरकन फाटते. हे सगळं बाईंचं बाई शिकल्या. कुठला क्लास नाही, काही नाही.

ह्या वेडाचं मूळ मात्र त्यांचे सासरे, अप्पा. अप्पा संध्याकाळी गॅलरीत आरामखुर्ची टाकून बसले की मजल्यावरची सगळी पोरं त्यांच्याभोवती. गोष्टी सगळ्या अप्पांच्या डोक्यातल्या. जिन्याला घाबरणारा वाघ बंडोपंत. ट्रामचं तिकीट न काढता बसणारं आणि दर वेळी पकडलं जाणारं अस्वल. आणि सगळ्यांत लाडका गजाभाऊ, राणीच्या बागेतून पळून भायखळ्याहून थेट गिरगावात आलेला हत्ती. त्याला शोधायला बागेचे रखवालदार आले, की गजाभाऊ चाळीतल्या कुठल्यातरी खोलीत लपायचा. आज कुणाच्या खोलीत, ते अप्पा ऐन वेळी ठरवायचे. ज्या पोराचं घर त्या दिवशी निघे, ते पोर जेवताना पलंगाखाली वाकून वाकून बघे. हसाल तुम्ही, पण मोठी माणसंही एकदा बघून घ्यायची!

एक दिवस देविका, बाईंची पाच वर्षांची लेक, रडायला लागली. गजाभाऊ सगळ्यांकडे लपतो, माझ्याकडे राहत का नाही? बाईंनी आपल्या जुन्या राखाडी मखमलीच्या ब्लाउजला कात्री लावली. दोन रात्रीत हत्ती उभा राहिला. कान झकास, सोंड झकास. डोळ्यांपाशी मात्र गाडी अडली. बाईंनी काळ्या दोऱ्याचे दोन गोळे काढले, तर गजाभाऊ कर्जवसुलीला आल्यासारखा दिसायला लागला.

तेव्हा शेजारच्या खोलीतली कौसल्या पुढे आली.

कौसल्या लालबागची, माहेरचा गणपतीचा कारखाना. तिचे वडील बाबुराव आखणीचे कारागीर. म्हणजे मूर्ती घडवणारे दुसरे, रंगवणारे तिसरे, आणि डोळे काढायचे फक्त बाबुरावांनी. तेही सगळ्यांत शेवटी. बाबुराव आखणीला बसले की कारखान्यात कुणी खोकायचंसुद्धा नाही. मुलीच्या हातात त्या काळी तो कुंचला कोण देणार? मग कौसल्येनं सुई घेतली. पण डोळे शेवटी, हा नियम तिनं माहेराहून आणला, आणि त्यावर स्वतःचा एक चढवला: ज्या पोराचं खेळणं, ते पोर समोर बसलं पाहिजे.

“ह्या हत्तीनं कुणाकडे बघायचं ते त्याला कळायला नको, गो?” असं ती म्हणायची.

तिनं देविकेला समोर पाटावर बसवलं. निरखून निरखून बघितलं. मग रेशमाचे दोन-तीन रंग घेऊन टाके घातले आणि शेवटी पांढऱ्या दोऱ्याचा एक ठिपका, उजेडाचा. देविकेचा उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित मोठा आहे, हे तिच्या आईच्या पाच वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. गजाभाऊचा उजवा डोळा किंचित मोठा झाला, तेव्हा आलं.

आणि मग काय विचारता! चाळीतल्या प्रत्येक पोराला गजाभाऊ नाहीतर बंडोपंत हवा. रविवारी सकाळी कौसल्येच्या दारात पोरं रांगेनं बसायची, तोंडं धुऊन, केस विंचरून, जशी काही फोटो काढून घ्यायला आलीयत. बाई शिवायच्या, कौसल्या डोळे द्यायची. दोघींमध्ये एक सुईदोऱ्याचा डबा, एक चहाचं भांडं आणि अखंड बडबड. रघुवीर, बाईंचे यजमान, म्हणायचे, “तुम्हा दोघींची लग्नं एकमेकींशीच लावायला हवी होती.” ते चार-पाच वर्षांचे दिवस बाईंना आजही असे आठवतात, की आठवण आली की गॅसवरचं दूध उतू जातं.

मग माशी शिंकली.

दादरच्या एका मोठ्या दुकानदारानं गजाभाऊ कुठंतरी पाहिला. दिवाळीसाठी काचेच्या कपाटात मांडायला एकसारखे पन्नास हत्ती हवेत म्हणाला. काचेच्या कपाटात! बाईंच्या पोटात आनंद मावेना. कौसल्या मात्र म्हणाली, “पन्नास पोरं कुठायत? मी डोळे कुणाचे काढू?”

“अगं, दुकानात ठेवायचेत. कसलेही काढ.”

“कसलेही डोळे मला येत नाहीत.”

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझी मखमल, माझी शिलाई, आणि ही कोण अडवणारी? त्यांनी गुपचूप भुलेश्वरातून शंभर काळी बटणं आणली, पन्नास हत्तींना टाचली आणि दिली पाठवून. कौसल्येला एका शब्दानं सांगितलं नाही. कौसल्या दिवाळीच्या खरेदीला दादरला गेली आणि काचेसमोर उभी राहिली. परत आली ती सरळ बाईंच्या दारात.

“सरू, पन्नास आंधळे उभे केलेस,” एवढंच म्हणाली. आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्यावर बाईंनी जायला हवं होतं की नाही? मीही म्हणते, जायला हवं होतं. दोन दारांत चार पावलांचं अंतर. पण सुंभ जळेल, पीळ जायचा नाही, अशी ती बाई. आज जाईन, उद्या जाईन, तीच आधी बोलेल. तेवढ्यात कौसल्येचे यजमान गेले, बाई रडून आल्या, पण चार बायकांत, चारचौघींसारख्या. महिनाभरानं कौसल्या खोली सोडून लालबागला भावाकडे राहायला गेली. त्याला तेहतीस वर्षं झाली. गिरगाव ते लालबाग, तेहतीस वर्षं! माणसं विलायतेला जाऊन येतात एवढ्या वेळात.

बाई खेळणी शिवत राहिल्या. डोळ्यांच्या जागी बटणं. लोक कौतुक करायचे, बाई हसून मान डोलवायच्या, आणि खेळणं पिशवीत घालताना त्याचं तोंड खाली करून घालायच्या.

तर आता परवाची गोष्ट. देविका आता बेचाळीस वर्षांची, लोअर परळला राहते. तिची बदली झाली बंगलोरला, रविवारची विमानाची तिकिटं. आणि मंगळवारी तिच्या सहा वर्षांच्या लेकीनं, नूपुरनं, गजाभाऊच्या उजव्या डोळ्यातला एक सुटा धागा बघितला आणि ओढला. पोरंच ती. ओढला तो ओढतच गेली, आणि डोळा निघून हातात आला. त्यानंतर जे भोकाड पसरलं, ते थांबेना. आई ऑफिसात असायची तेव्हा तो हत्ती मांडीवर घेऊन बसायची पोर, त्यात तिला आई दिसायची. गजाभाऊला डोळा नाही तर मी बंगलोरला येणार नाही, असं तिनं जाहीर करून टाकलं.

हत्ती गिरगावात आजीकडे आला, मागोमाग नात. बाईंनी बटण लावलं. नूपुर बघत राहिली.

“आजी, हा बघत नाहीये. हा स्टॅच्यू झालाय.”

बाईंनी बटण काढलं. चष्मा पुसला, रेशीम घेतलं, स्वतः टाके घातले. उसवले. पुन्हा घातले, पुन्हा उसवले. तिसऱ्यांदा मखमलीला भोक पडायची वेळ आली, तेव्हा सुई खाली ठेवली. गुरुवारी असं झालं, आणि शुक्रवारी सकाळी बाईंनी कोलंबी आणायला माणूस धाडला.

नूपुरला वाटलं आजीला भूक लागलीय. बाईंनी कोबी-कोलंबीचं भानोलं केलं, वर खरपूस, आत लुसलुशीत. धैर्यवानांच्या घरचं भानोलं म्हणजे कौसल्येचा जीव की प्राण. ते डब्यात भरलं, हत्ती पिशवीत घेतला, नातीचं बोट धरलं आणि टॅक्सी केली. वाटेत मनाशी चाललं होतं: म्हणायचं, इकडे आले होते सहज. म्हणायचं, जास्तीचं झालं होतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय! पण कौसल्येनं दार लोटलं तर? त्या एका डोळ्याची गोष्ट आता एका डोळ्याची राहिली नव्हती, हे बाईंना टॅक्सीतच कळून चुकलं होतं.

कौसल्येनंच दार उघडलं. केस पांढरेशुभ्र, कंबर थोडी वाकलेली, नजर तीच. आधी बाईंकडे बघितलं, मग डब्याकडे, मग पिशवीतून बाहेर आलेल्या सोंडेकडे.

“काय गो, बाजारातली बटणं संपली वाटतं?”

सहजबिहज सगळं बाजूला राहिलं. “चुकलं माझं, कौसल्ये,” त्या म्हणाल्या.

“हे कळायला तेहतीस वर्षं लागली?”

“कळलं होतं गं त्याच दिवशी. म्हणायला लागली.”

कौसल्या दारातून बाजूला झाली. मग नूपुरकडे वळून म्हणाली, “ये बाय. हत्ती दाखव.” हत्ती हातात घेऊन तिनं डोळ्याची जागा चाचपली. “कुणी ओढला धागा?”

“मी,” नूपुर म्हणाली. “त्याचे आईचे डोळे होते.”

“माहीत आहे. मीच दिले होते. पण तुझी आई आता मोठी झाली, आणि समोर तू आहेस. डावा डोळा आईचा राहू दे. उजवा तुझा देऊ?”

नूपुरनं फार विचार केला आणि मान हलवली. मग ती पाटावर बसली, जशी तिची आई बसली होती, पाठ ताठ करून. कौसल्येनं सुई ओवली. पहिल्या फटक्यात नाही ओवली, तिसऱ्या वेळी ओवली, पण बाईंनी हात पुढे करायची हिंमत केली नाही. खोलीत कुणी खोकलं नाही. टाक्यावर टाका पडत गेला, आणि शेवटी पांढऱ्या दोऱ्याचा ठिपका आला. गजाभाऊनं डोळा उघडला आणि नूपुरकडे बघितलं. पोरगी असली खुदकन हसली म्हणता!

हत्तीला छातीशी धरून ती घरभर हिंडायला लागली. पलंगावर उशीशी आणखी एक हत्ती बसला होता, तिथं जाऊन थांबली.

“आजी, इकडे ये ना! हा बघ, हापण डुलक्या काढतोय!”

बाई उठून गेल्या. राखाडी मखमल. कानाची ती दुमड आपल्याच हातची, हे त्यांनी लांबून ओळखलं. तो त्या पन्नासांतला होता. बाईंनी त्याला उचललं, काळी बटणं दिसणार म्हणून मन घट्ट करून. बटणं नव्हती. उसवून काढली होती आणि त्या जागी रेशमाचे डोळे होते. उजवा डोळा चांगला टपोरा, समोरच्या साहेबाला गप्प करील असा. आणि डाव्यावर पापणी अर्ध्यावर येऊन थांबलेली.

बाई तिथंच पलंगावर बसल्या.

“हा कधी आणलास?”

“त्याच दिवशी. तुझ्या दाराशी येऊन गेले ना, तेव्हा पिशवीत होता.”

“पण तू तर माणूस समोर असल्याशिवाय डोळे काढत नाहीस ना?”

“नाही काढत.”

“मग हे?”

कौसल्या सुई डब्यात ठेवत होती. तिनं वर बघितलं नाही.

“तू कधी हललीस गो समोरून?”

सरोजिनीबाई पोटभर रडल्या. हत्तीचं तोंड पदरानं पुसत राहिल्या, तो भिजला होता म्हणून. कौसल्येनं तेवढ्यात भानोल्याचा डबा उघडला आणि तीन ताटल्या घेतल्या.