वेटरची पहिली सुट्टी

माजलगावच्या बसस्टँडसमोर मी ज्या हॉटेलात चहाला जातो, तिथला वेटर कुणी हाक मारायच्या आतच "आलो, आलो" म्हणतो. हॉटेल कामगारांच्या युनियनचा तो पुढारी. सभेत कुणी प्रश्नासाठी हात वर केला, तरी त्याच्या तोंडून तेच निघतं आणि सगळे हसतात. आठवड्याला एक सुट्टी मिळावी म्हणून त्याने मालकांचे उंबरे झिजवले. शेवटी एका बाजाराच्या दिवशी गावातल्या एकाही हॉटेलात भट्टी पेटली नाही, तेव्हा कुठे दुपारी मालक कबूल झाले.

पहिल्या सुट्टीला तो इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन त्याच हॉटेलात आला आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. खुद्द मालक पाणी घेऊन आले, तसा तो गडबडून उठला.

"शेठ, तुमी कावून?"

"आज एक माणूस कमी हाय ना," मालक म्हणाले.

बायकोने त्याला हात धरून खाली बसवलं आणि मालकांना विचारलं, "गरम काय हाय?"

मालकांनी आठवून आठवून तीन पदार्थ सांगितले.

"भजी राह्यली, शेठ," तो हळूच म्हणाला.

मालकांसकट आम्ही सगळे हसलो.

"मग तीच आणा," बायको म्हणाली.